मताचं मोल आणि मताची वेळ

‘चार वर्षं नगरसेवक नव्हते, काय अडलं पुण्याचं?’ २०२६ च्या जानेवारीत, महापालिकेच्या मतदानाच्या आदल्या आठवड्यात, हा प्रश्न मी तीनदा ऐकला. एकदा कॉलेजच्या वर्गात, एकदा बसमध्ये आणि एकदा आमच्याच सोसायटीच्या बैठकीत. विचारणारी माणसं भली होती. कर वेळेवर भरणारी, कचरा वेगळा करणारी. म्हणूनच त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं असं मला वाटतं. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे, यंदा अमेरिकेची शासनव्यवस्था अभ्यासाला आहे, आणि माझं घर महापालिकेत नव्यानं आलेल्या नऱ्हे गावात आहे. पुस्तकात समता आणि मताधिकार वाचायचा आणि घरी येऊन टँकरची वाट पाहायची, असं दोन्ही मी एकाच वेळी केलं आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडते. त्याची तीन विधानं आहेत. पहिलं : नगरसेवकांपेक्षा प्रशासक बरा, तो शिकलेला असतो, त्याला पुढच्या निवडणुकीची चिंता नसते, टक्केवारी मागत नाही. दुसरं : मत सरसकट सगळ्यांना दिल्यामुळेच राजकारण बिघडलं, साड्या आणि पाकिटं घेऊन मत देणाऱ्याचं आणि विचार करून देणाऱ्याचं मत सारखं कसं? तिसरं : एवढा आटापिटा करूनही एका मतानं काहीच बदलत नाही, अमेरिकेतसुद्धा जास्त मतं मिळालेला माणूस हरतो, मग आपली काय कथा?

पहिल्या विधानात खरेपणाचा अंश आहे, तो मान्य करते. नगरसेवकांच्या निधीच्या ‘स’ यादीतून बसवलेली बाकडी, वाटलेल्या कापडी पिशव्या आणि चौकाचौकांतले नामफलक पुणेकरांनी पाहिलेले आहेत. नगरसेवकांवरचा राग हवेतून आलेला नाही. पण रागाचं औषध काय, हा खरा प्रश्न आहे.

पुणे महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मध्ये तीन वर्षं दहा महिने गेले. राज्यघटनेचं २४३-यू हे कलम सांगतं की महापालिकेची मुदत पाच वर्षांची आणि नवी निवडणूक ती मुदत संपण्याआधी पार पडली पाहिजे. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, प्रभागांची रचना पुन्हा पुन्हा बदलली गेली, आणि अखेर ६ मे २०२५ ला न्यायालयाला निवडणुका घ्या असा आदेश द्यावा लागला. आरक्षणाचा वाद समतेचाच होता, तो व्हायलाच हवा होता. पण समतेचा एक प्रश्न सुटेपर्यंत साऱ्या शहराचं मतच थांबवून ठेवायचं, यात ओबीसींनाही न्याय मिळाला नाही आणि इतरांनाही नाही.

त्या काळात काय अडलं? आयुक्त हेच प्रशासक होते. स्थायी समितीचे आणि मुख्य सभेचे अधिकार त्यांच्याकडे. म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच. २०२५-२६ चं अंदाजपत्रक साडेबारा हजार कोटी रुपयांहून मोठं होतं. ते मुख्य सभेत एकाही निवडून आलेल्या सभासदानं प्रश्न न विचारता मंजूर झालं. अधिकारी प्रामाणिक होते असं गृहीत धरू. तरी प्रामाणिक माणसालासुद्धा ‘हे चुकतंय’ असं सभागृहात उभं राहून म्हणणारं कोणी लागतं.

याच शहराच्या नगरपालिकेत महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं सभासद होते. तेव्हा ते निवडून आलेले नव्हते, सरकारनं नेमलेले होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर पालिकेचा पैसा खर्च करायचा ठराव आला तेव्हा त्यांनी एकट्यानं विरोध केला. ठराव अडला नाही, खर्च व्हायचा तो झाला. पण दीडशे वर्षांनी आपल्याला तो खर्च आठवतो, तो त्या एका विरोधी मतामुळे. प्रशासकाच्या राज्यात नेमकी ही एक खुर्ची नसते. चांगला कारभार मिळेलही. वाईट कारभार झाला तर तो झाला असं इतिवृत्तात लिहायला कोणी उरत नाही.

आता आमच्या गावाचं. ३० जून २०२१ ला नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, सूस, म्हाळुंगे, वाघोली यांच्यासह तेवीस गावं महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली, आणि नऊ महिन्यांत महापालिकेचं सभागृहही गेलं. सरपंच नाही, नगरसेवकही नाही. माझी पहिली दोन मतं मी २०२४ मध्ये दिली, मे महिन्यात लोकसभेला आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेला. दिल्लीत कोण बसावं हे मला विचारलं, मुंबईत कोण बसावं हेही विचारलं. आमच्या नळाला काय यावं हे कोणी विचारलं नाही.

मग २०२५ चा जानेवारी उजाडला. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, नऱ्हे या भागांत, गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. पुणे परिसरातल्या रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. संशय पाण्यावर आला, आणि जलशुद्धीकरण केंद्रातून न येता विहिरीतून थेट गावात जाणाऱ्या पाण्याची चर्चा तेव्हा कुठे शहरभर झाली. नगरसेवक असता तर हा आजार आला नसता असं मी म्हणणार नाही. ते मला सिद्ध करता येणार नाही. मी एवढंच सांगते की त्या महिन्यात आमच्या गल्लीतली माणसं तक्रार घेऊन एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जात होती, आणि ज्याला ‘पुढच्या वेळी मत मागायला याल ना?’ असं विचारता येईल असा एकही माणूस वाटेत नव्हता. लोकप्रतिनिधीला लोकांची भीती वाटते ती या एका वाक्यामुळे. प्रशासक कितीही सज्जन असो, हे वाक्य त्याला लागू पडत नाही. ज्यांना ‘काही अडलं नाही’ असं वाटतं त्यांच्या घरी पाणी पर्वतीच्या केंद्रातून येतं, आणि अधिकाऱ्याचा फोन नंबर ओळखीतून मिळतो. ज्यांच्याकडे ओळख नाही त्यांची ओळख म्हणजे मत.

दुसरं विधान, शिकलेल्यांनाच मत द्या. हा प्रयोग अमेरिकेनं करून पाहिला आहे. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं वर्णावरून मत नाकारता येणार नाही असं ठरलं. मग दक्षिणेतल्या राज्यांनी वर्णाचं नाव न घेता साक्षरतेची परीक्षा आणली. मतनोंदणीला आलेल्याला घटनेतलं एखादं कलम वाचून त्याचा अर्थ सांगायला लावत. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणारा कारकून गोरा. कृष्णवर्णीय शिक्षकही त्या परीक्षेत नापास व्हायचे. १९६५ साली मताधिकाराचा कायदा होण्याआधी मिसिसिपीत नोंदणी झालेल्या कृष्णवर्णीय मतदारांचं प्रमाण सात टक्क्यांहून कमी होतं. कायदा झाला, परीक्षा बंद झाली, आणि दोन वर्षांत ते साठ टक्क्यांच्या घरात गेलं. दोन वर्षांत सगळी माणसं शहाणी झाली का? शहाणी ती आधीच होती. दारावरचा कारकून उठला, एवढंच. मताला अट घातली की अट तपासणारा माणूस येतो, आणि खरी सत्ता त्याच्या हातात जाते. शिक्षणाची अट घालू म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की तो कारकून कोण असेल.

याचं उत्तर आपल्याकडे फार आधी दिलं गेलं होतं, आणि तेही याच शहरात. २३ ऑक्टोबर १९२८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पुण्यात सायमन आयोगापुढे साक्ष दिली आणि प्रौढ मताधिकार मागितला. त्या काळी मताला मालमत्तेची आणि कराची अट होती. बहुसंख्य माणसं तिच्या बाहेर होती. निरक्षर माणूस म्हणजे निर्बुद्ध माणूस नव्हे आणि साक्षरता म्हणजे शहाणपणाची हमी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. १९५१ मध्ये देशाची साक्षरता जेमतेम अठरा टक्के होती, तरी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदारांची नोंद झाली. त्या यादीतून सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावं वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. निवडणूक आयोगानं नियम सैल केला नाही. बाईला तिच्या नावानंच मत द्यायचं, हा आग्रह धरला. मत मिळालं म्हणून तिला नाव सांगावं लागलं. नाव सांगायला शिकेपर्यंत मत रोखून धरलं असतं तर ती वेळ आलीच नसती. माणूस मताला लायक होतो तो मत देता देता. आणि पाकिटाचं म्हणाल, तर पाकीट घेणाऱ्यापेक्षा देणारा नेहमीच अधिक शिकलेला असतो.

तिसरं विधान सर्वांत अवघड आहे, कारण त्यातली माहिती खरी आहे. २००० आणि २०१६ मध्ये अमेरिकेत कमी मतं मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला. २०१६ ला तर हिलरी क्लिंटन यांना सुमारे अठ्ठावीस लाख मतं जास्त होती. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या जवळ. सिनेटमध्ये दोघांचे प्रतिनिधी दोन-दोनच. वॉशिंग्टन शहरातले जवळपास सात लाख रहिवासी संघराज्याचा कर भरतात, पण त्यांना सिनेटर नाही आणि प्रतिनिधिगृहात मत देऊ शकेल असा सदस्य नाही. प्रतिनिधित्वाविना करवसुली ही तक्रार ते आपल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर लिहून फिरतात. वर्गात हे ऐकताना मुलं आश्चर्य करत होती. मला नऱ्ह्यात आलेली मिळकतकराची बिलं आठवत होती.

पण या माहितीवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. मतानं काही होत नसतं, तर ते हलकं करायला कोणी एवढी मेहनत घेतली नसती. अलाबामा राज्याच्या सिनेटमध्ये एकेकाळी काही मतदारसंघ दुसऱ्यांच्या चाळीसपट मोठे होते, आणि प्रतिनिधी प्रत्येकी एकच. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स या खटल्यात हे मोडून काढलं. कायदेमंडळं माणसांची असतात, झाडांची किंवा एकरांची नव्हेत, असा त्या निकालाचा आशय. त्या आधी पंधरा वर्षं, २५ नोव्हेंबर १९४९ ला, आंबेडकरांनी घटना समितीत बजावलं होतं की राजकारणात एक माणूस, एक मत, एक मोल हे तत्त्व आपण मान्य करतो आहोत, पण समाजात आणि अर्थकारणात माणसाचं मोल अजून सारखं मानत नाही. आपली माणसं म्हणतात एक मत, आणि मोलाचं विसरतात.

इथवर खंडन. आता मी काय मानते ते सांगते.

समान मताला तीन गोष्टी लागतात : मोल, वेळ आणि पत्ता. यातली एक जरी निखळली तरी शाईचं बोट तेवढं उरतं.

मोल म्हणजे प्रत्येक मताचं वजन सारखं. २०२६ ची प्रभागरचना २०११ च्या जनगणनेवर झाली. वाघोली, मांजरी, नऱ्हे ही गावं त्यानंतरच्या पंधरा वर्षांत ओळखू न येण्याइतकी वाढली. मतदारयादीत ही नवी माणसं आहेत, पण प्रभागाच्या सीमा ठरताना ती हिशेबात नव्हती. अशानं वाढत्या उपनगरातल्या मताचं वजन पेठेतल्या मताहून हलकं होतं. नवी जनगणना हाती आली की पहिलं काम प्रभाग नव्यानं आखण्याचं असावं, आणि ते सत्तेवर असलेल्यांच्या सोयीनं होऊ नये. राज्य निवडणूक आयोगानं आपल्या अखत्यारीत करावं.

पत्ता म्हणजे, मत कोणाला दिलं आणि जाब कोणाला विचारायचा हे कळणं. पुण्यात एकेचाळीस प्रभाग आणि एकशे पासष्ट नगरसेवक आहेत. चाळीस प्रभागांत चार-चार जण, एका प्रभागात पाच. मुंबईच्या मतदाराला मात्र एकच नगरसेवक असतो. मोठ्या प्रभागाच्या बाजूनं बोलणारे सांगतात की त्यात गल्लीपलीकडचा विचार होतो आणि स्त्रिया व मागासवर्ग यांच्या जागा एकत्र बसवता येतात. ते खोटं नाही. पण मुंबईतही आरक्षण आहे, आणि ते एकेका प्रभागात आहे. चौघांना मिळून दिलेली जबाबदारी कोणाचीच राहत नाही, हे तुंबलेल्या चेंबरपाशी उभ्या राहिलेल्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे. ज्या गावांनी एक सरपंच पाहिला आहे, त्यांना हे आणखी टोचतं.

आणि वेळ. या तिन्हींत मी वेळेला पहिली मानते, कारण मोल आणि पत्ता यांतली चूक पुढच्या मतदानात दुरुस्त करता येते. मतदानच झालं नाही तर दुरुस्तीची जागाच जाते. उशिरा घेतलेलं मत हे थोडं कमी झालेलं मत नसतं, तेवढ्या काळापुरतं ते नाकारलेलं मत असतं. म्हणून मुदत संपली की निवडणूक, हा नियम वादांच्या वर असावा. आरक्षणाचा तंटा, सीमांचा तंटा, याद्यांचा तंटा, सगळे मुदत संपण्याच्या वर्षभर आधी मिटवण्याची सक्ती कायद्यानं करावी; न मिटले तर मागच्या रचनेवर मतदान घ्यावं, पण घ्यावं.

१५ जानेवारीला आजीला घेऊन केंद्रावर गेले. तिनं आयुष्यभर ग्रामपंचायतीला मत दिलं होतं, महापालिकेला पहिल्यांदाच देत होती. चार वेळा बटण का दाबायचं हे मी तिला समजावलं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, ‘आता पाण्याचं कोणाला सांगायचं?’ मी चार नावं सांगितली. ती म्हणाली, ‘एक सांग.’

पुढची मुदत २०३१ मध्ये संपेल. तेव्हा मी सव्वीस वर्षांची असेन, आणि ‘काय अडलं?’ असं विचारणारी भली माणसं तेव्हाही असतील. त्यांनी एकदा आमच्या गल्लीत येऊन माझ्या आजीच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. ते एका नावात देता आलं, आणि त्या नावाला पाच वर्षांनी ठरल्या दिवशी पुन्हा आमच्या दारात यावं लागलं, तर पुणं समतेनं चाललं आहे असं मी मानेन.