निवृत्तीचा खरा गौरव

दीर्घ सेवेनंतर एखादा अध्यापक अगर अधिकारी निवृत्त होतो, तेव्हा शाल-श्रीफळ अर्पण होते, चार भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी कारभार नव्या माणसाकडे जातो. त्या वेळी खुर्च्या-कपाटे मोजून घेतली जातात. परंतु त्या गृहस्थाने वर्षानुवर्षे शिवार हिंडून मिळविलेले ज्ञान कोणत्याच यादीत नसते. ही हानी अखेर शेतकऱ्याची होते.

या संदर्भात डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचे स्मरण होते. हे रसायनशास्त्रज्ञ 1907 साली पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक होऊन 1927 साली निवृत्त झाले. अध्यापन व प्रशासन सांभाळूनही त्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची घरोघर व शेतोशेत पाहणी केली. 1771 साली तेथे सरासरी 40 एकर असलेली धारणा 1915 साली 7 एकरांवर आली होती, आणि 156 खातेदारांची जमीन 729 तुकड्यांत विखुरली होती. ही पाहणी 1917 साली प्रसिद्ध झाली. जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची दुसरी पाहणी त्यांनी श्री. कानिटकर यांच्या सहकार्याने केली. ती 1921 साली निघाली.

डॉ. मॅन निवृत्त झाले, तरी कार्य थांबले नाही. त्यांच्याच कारकिर्दीत, 1923 साली, मांजरी येथे कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले होते. पुढे 1933 पासून श्री. कानिटकर यांनी सोलापुरास तेच संशोधन चालविले. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, बियाण्याचे प्रमाण कमी व दोन ओळींतील अंतर अधिक, आणि वारंवार कोळपणी, ही शिकवण त्यातूनच पक्की झाली. गुरूचा याहून मोठा सन्मान कोणता?

आमच्या येडशीच्या परिसरात हा बोध विशेष लागू पडतो. बालाघाटाच्या उतारावरील हलकी जमीन आणि खालची भारी काळी जमीन यांचा स्वभाव निराळा. पाऊस लांबल्यास कोणत्या शेतात ओल टिकते, रब्बी ज्वारी केव्हा पेरावी, कोणता बांध दरवर्षी फुटतो, हे अनुभवी कार्यकर्त्यास ठाऊक असते; नव्यास ते पुन्हा आरंभापासून शिकावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी : निवृत्त होणाऱ्याने गावनिहाय एक टिपणवही लिहून ठेवावी. तीत पाऊस, जमीन व पिके यांचे अनुभव असावेत. आणि जे प्रयोग फसले त्यांची कारणेही निःसंकोचपणे नोंदवावीत. नव्या कार्यकर्त्याने ती वही ग्रामसभेत वाचावी, जाणत्या शेतकऱ्यांकडून दुरुस्त करून घ्यावी आणि पुढील नोंद आपल्या हाताने करावी.

शाल अवश्य द्यावी, श्रीफळही द्यावे. मात्र ज्याचे काम दुसरा पुढे नेतो, त्याचाच गौरव खऱ्या अर्थाने झाला असे समजावे.