भैरवाला कॉर्ड चालते का?

आमच्या कल्याणच्या वस्तीत सध्या युकुलेलेचे पेव फुटले आहे. गिटारचे हे चार तारांचे धाकटे भावंड. पेटीच्या मानाने स्वस्त, आणि लोकलच्या गर्दीतही मांडीवर मावणारे. अभ्यासिकेतल्या मुलामुलींनी जयंतीच्या कार्यक्रमात भैरवातल्या एका गाण्याला ते साथीला घ्यायचे ठरवले, तेव्हा आमच्या जाणत्या पेटीवाल्या काकांनी हात वर केले. रागाला कॉर्ड लावली की राग मेला, हे त्यांचे पहिले म्हणणे. गुरूशिवाय यातले काही कळायचे नाही, हे दुसरे. पहिल्याचा विचार आम्ही पुढे करतो. दुसरे मात्र साफ नामंजूर. हे वाक्य आपल्या आज्या-पणज्यांनी फार ऐकले आहे.

वाचकहो, हिशेब सोपा आहे. भैरवाचे स्वर सात: सा, कोमल रे, ग, म, प, कोमल ध, नि. कॉर्ड म्हणजे एक स्वर घ्यायचा, पुढचा सोडायचा, त्यापुढचा घ्यायचा. असे तीन स्वर एकदम वाजवायचे. रोजकीर्द लिहिणाऱ्याला यात अवघड काय? सा-ग-प ही मेजर. रे-म-ध हीसुद्धा मेजर, आणि पहिलीपेक्षा फक्त अर्ध्या सुराने वर. दोन मेजर अशा खेटून बसल्या की कानाला ओढ लागते. ग-प-नि आणि म-ध-सा या मायनर. ध-सा-ग अधांतरी लटकते. प-नि-रे लंगडी आहे, आणि नि-रे-म तर इतकी वाकडी की आम्ही ती सोडून दिली.

पाश्चात्त्यांना ही स्वरांची माळ फार दूरदेशीची वाटते. ते तिला कधी अरबी म्हणतात, कधी बायझंटाईन. आपल्याकडे ती सकाळची.

आता बोटे. पांढरी एकचा सा धरला, तर युकुलेलेच्या तारा हनुवटीकडून जमिनीकडे प, सा, ग, ध अशा येतात. शेवटचा ध शुद्ध, म्हणजे भैरवात न बसणारा. तेव्हा चौथी तार मोकळी सोडायचीच नाही. तिचा तिसरा पडदा दाबला की सा मिळतो आणि सा-ग-प तयार. ते बोट तसेच ठेवून पहिल्या तारेचा पहिला पडदा दाबा: ध-सा-ग. त्यात तिसऱ्या तारेचा पहिला पडदा मिळवा: म-ध-सा. मग एक बोट आडवे टाकून पहिल्या तिन्ही तारा पहिल्या पडद्यावर दाबा आणि करंगळी चौथ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर न्या: रे-म-ध. आमच्याकडच्या सातवीतल्या मुलीने हे एका संध्याकाळी बसवले. करंगळी मात्र दोन दिवस दुखली.

काकांचे पहिले म्हणणे खोटे नाही. भैरवातला रे आणि ध आंदोलित असतो, तो हलता राहिला पाहिजे. पडद्याखालचा सूर जागीच उभा. पण हाच दोष पेटीलाही लावला होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला दार बंद केले, ते १९७१ नंतर किलकिले झाले. आज पेटीवाल्याने युकुलेलेला दार लावावे, हे आम्हाला गमतीचे वाटते.

आणि हे पूर्वी झालेलेही आहे. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवरच्या रचना वाजवून घेतल्या. ‘जागते रहो’ (१९५६) मधले सलील चौधरींचे ‘जागो मोहन प्यारे’ भैरवातलेच, आणि मागे कोरस आहे. परके वाद्य म्हणाल, तर आपल्या गायन पार्टीतला बेंजो तरी कुठला? जपानच्या नागोयात १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतोचे ते रूप. युकुलेलेचे मूळ तर मजुरांत आहे. १८७९ साली मदैरा बेटावरून उसाच्या मळ्यांत राबायला हवाईला गेलेल्या पोर्तुगीज माणसांबरोबर तिचे पूर्वज वाद्य तिथे पोचले, आणि त्यांच्यातल्याच सुतारांनी ती घडवली.

तडजोड अशी झाली: आलाप चालू असताना युकुलेले गप्प, काकांची पेटीही गप्प. मुखडा आला की समेवर सा-ग-प, आणि कोमल रे जिथे ठाम उभा राहतो तिथे रे-म-ध. लंगडी प-नि-रे शेवटून दुसऱ्या ओळीला एकदाच. ती कुठे घालायची हे काकांनीच सुचवले.