सहभाग : नाही

मंडळी, गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. मी साताऱ्यास बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी एक लहानसे संशोधन हाती घेतले होते : प्रतिसरकारच्या चळवळीत खेड्यांतल्या बायकांचा वाटा किती? मदतीला त्यांनी मला निवडले, आणि माझे पाय जमिनीला लागेनात!

चाळीस प्रश्नांची प्रश्नावली घेऊन आम्ही एस. टी.ने कुंडलकडे निघालो. "म्हणजे परजिल्ह्यात!" मी म्हणाले. सर हसले.

"अगं, पूर्वी हा भाग साताऱ्यातच. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ साली, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० साली."

क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही नावे मला पाठ होती. तुफान सेना, गावोगावचे न्यायनिवाडे, कमी खर्चाची गांधी-लग्ने, सारे वाचून झाले होते.

एक आजीबाई ओसरीवर शेंगा फोडीत बसल्या होत्या. मी विचारले, "आपण चळवळीत भाग घेतला होता काय?"

"न्हाई, बाई. म्या काय केलं? निस्त्या भाकरी थापल्या."

मी लिहिले, 'सहभाग : नाही'. पुढचे तीस प्रश्न आपोआप गळले. वेळ वाचला म्हणून मी खूष!

रात्री सरांनी कागद वाचला. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "किती भाकरी? आणि कोणासाठी?"

दुसऱ्या दिवशी मी प्रश्नावली न घेताच गेले आणि शेंगा फोडू लागले. हळूहळू आजी बोलत्या झाल्या. भूमिगत मंडळी रात्री येत. चुलीचा उजेड दिसू नये म्हणून दाराला गोणपाट लावायचे. एकदा पोलीस आत आले. एवढ्या भाकरी कोणाला, म्हणून दरडावले.

"म्या म्हनलं, उद्या शेतावर पैरेकरी हायती. हात कापत हुता, पन तव्यावरली भाकरी करपू दिली न्हाई."

सरांनी माझा पहिला प्रश्न खोडला आणि लिहिले, 'त्या दिवसांत तुमच्या घरी काय काय चालायचे?'

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा फराळाचे घास गोड लागेनात. माझी स्वतःची आजी त्याच मुलखातली. तिला मी कधी काही विचारलेच नव्हते, आणि आदल्याच वर्षी ती गेली होती.

तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस असेल, तर यंदा फराळाच्या वेळी जरा जवळ बसा. "आम्ही काय केलंय!" असे ते म्हणेल. तेवढ्यावर उठू नका.