आशा देशमुख ही उतरण नव्हे

रोहिणी हट्टंगडींविषयी नाटकवाल्यांच्या गप्पांत एक मत वारंवार ऐकू येतं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात घडलेली, ‘गांधी’मधल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा मिळवलेली ही अभिनेत्री पुढे आयांच्या भूमिकांत अडकली आणि ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेत वर्षानुवर्षं आशा देशमुख होऊन राहिली, म्हणजे उतरणीला लागली. हे मत मला साफ अमान्य आहे.

आयांच्या भूमिकांबद्दलची तक्रार खरी आहे, पण तिचा रोख चुकतो. बाईंचा जन्म १९५१चा. ‘सारांश’ आला १९८४मध्ये, आणि त्यात त्या तरुण मुलगा गमावलेली म्हातारी पार्वती झाल्या. ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चन यांची आई, आणि बच्चन त्यांच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे! तिशीतल्या बाईला म्हातारी करून टाकायची खोड चित्रपटसृष्टीची. तिचा दोष अभिनेत्रीच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. शिवाय काम पाहा. घरातली भाडेकरू सुजाता हिच्या पोटी आपलाच मुलगा परत येतोय ही पार्वतीची वेडी आशा त्या क्षणभरही हास्यास्पद होऊ देत नाहीत. आणि १९८१मध्ये तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ नाटकातली स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा उभी करणारी अभिनेत्रीही हीच. तेव्हा तिला साहस नव्हतं असं कोणी म्हणू नये.

आता टीव्हीचा मुद्दा. ‘गांधी’साठीचं ते बाफ्टा त्यांना अमेरिकी अभिनेत्री मॉरीन स्टेपल्टन यांच्यासह विभागून मिळालं होतं. स्टेपल्टनबाईंकडे रंगभूमीचा टोनी होता, टीव्हीचा एमी होता, ‘रेड्स’साठीचं ऑस्कर होतं. तिन्ही माध्यमांतले हे सन्मान एकाच व्यक्तीला मिळाले, तर अमेरिकेत तो अभिनयाचा तिहेरी मुकुट मानतात. आपल्याकडे तसाच प्रवास केला की टीव्हीपाशी येऊन लोक नाकं मुरडतात.

मालिका ताणली गेली, हे मान्य. तीन हजारांहून अधिक भागांच्या कथेत पाणी पडणारच. पण ते लेखनाचं आणि वाहिनीच्या गणिताचं. दैनंदिन मालिकेत तालमीला वेळ नसतो, कथा कुठे वळणार हे नटाला ठाऊक नसतं. अशा कामात एक व्यक्तिरेखा दहा-अकरा वर्षं तोलून धरायला नाट्य विद्यालयातलीच शिस्त लागते.

आणि हे सगळं कुणासाठी? मी मानखुर्दचा. इथून मराठी नाटकाला जायचं तर खाडी ओलांडून वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात, नाहीतर कुर्ल्याला गाडी बदलून दादरच्या शिवाजी मंदिरात. तिकीट, गाडीभाडं, वर रात्रीचं परतणं. रुळांलगतच्या झोपड्या तुटल्यावर लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत आलेल्या, सकाळी चेंबूरला घरकामाला जाणाऱ्या बायांना हे कसं जमणार? ‘अर्थ’मध्ये रोहिणीबाईंनी जी मोलकरीण केली, मुलीच्या शाळेसाठी साठवलेले पैसे दारुड्या नवऱ्याने उडवल्यावर त्याचा जीव घेणारी, ती याच बायांमधली. त्यांच्यापर्यंत ही अभिनेत्री रोज पोचली ती मालिकेतून. चुलीवर भात ठेवून त्या तिचं काम पाहत, आणि कुठला प्रसंग खोटा लिहिलाय हे त्यांना बरोबर कळे. मालिकेची संहिता टीकाकारांनी खुशाल झोडपावी, मीही सोबत येईन. अभिनयाला मात्र हलका ठरवायचं असेल तर त्यांनी आधी सलग आठवड्याचे भाग बसून पाहावेत आणि मग बोलावं.