एंडोमेट्रिओसिस, हार्मोनच्या गोळ्या आणि पाळीआधीचे ते आठ दिवस

पाळी पुढे ढकलायची गोळी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. गौरी-गणपती आले, घरात लग्न किंवा सत्यनारायण असला की नॉरएथिस्टेरॉनची पट्टी दुकानातून येते. दिवसातून तीन गोळ्या, आणि डॉक्टरांना विचारायची गरज कुणालाच वाटत नाही. तेच औषध, किंवा त्याच्याच कुळातले दुसरे, एखाद्या मुलीला एंडोमेट्रिओसिससाठी रोज घ्यायला सांगितले की आई, मावशी, सासूबाई एका सुरात विचारतात, "डॉक्टर, हार्मोन्स? इतक्या लहान वयात? पुढे मूल होईल ना?" कार्यासाठी चालते ते दुखण्यासाठी चालत नाही, हे मला आजही कळलेले नाही.

मी फिजिशियन आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. माझ्याकडे या स्त्रिया येतात त्या बहुधा दुसऱ्याच तक्रारी घेऊन. सततचा थकवा, वेदनाशामक गोळ्या खाऊन वाढलेली ॲसिडिटी, पोट फुगणे, शौचाच्या वेळी कळ. आतड्याची तपासणी होते, अल्सरची औषधे होतात. पाळीबद्दल विचारले तर उत्तर येते, "ते तर नेहमीचंच आहे." शाळेत असल्यापासून दर महिन्याला दोन दिवस अंथरुणात काढणे यालाच आपण नेहमीचे म्हणायला लागलो आहोत.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात तेव्हा त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. बीजांडकोषावर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यावर किंवा लघवीच्या पिशवीवर त्या असतात. दर महिन्याच्या इस्ट्रोजेनला त्या प्रतिसाद देतात. तिथे रक्तस्राव होतो, सूज येते, हळूहळू अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळीच्या वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना हा आजार आहे, आणि निदान व्हायला अनेकींची वर्षे जातात. सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट दिसली तर प्रश्न सुटतो, पण सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाही असे होत नाही. पूर्वी दुर्बिणीतून बघितल्याशिवाय निदान पक्के मानत नसत. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती अट सैल केली. लक्षणांवरून संशय आला तर औषध सुरू करून बघता येते. "आधी लग्न करून टाका, एक मूल झालं की बरं होईल" हा सल्ला मात्र कोणत्याच मार्गदर्शक सूचनेत नाही.

आता हार्मोन्स. डायनोजेस्ट, गर्भनिरोधक गोळ्या, हार्मोन असलेली तांबी, ही सगळी औषधे वेगवेगळ्या रीतीने एकच काम करतात: महिन्याची ती चढउतार आणि रक्तस्राव आटोक्यात ठेवतात. गोळ्या चालू असताना पाळी कमी होते किंवा थांबते. त्याने रक्त "आत साठत" नाही, कारण अस्तर वाढतच नाही. गोळ्यांमुळे वंध्यत्व येत नाही. या आजारात मूल व्हायला अडचण येते ती मुख्यतः आजारामुळे. मात्र मूल हवे असेल त्या काळात ही औषधे चालत नाहीत, म्हणून तो बेत डॉक्टरांना आधीच सांगावा. ती आजार मुळापासून घालवतही नाहीत. पहिले काही महिने अधूनमधून डाग लागतात, आणि याच टप्प्यावर बऱ्याच जणी गोळी सोडून देतात.

दुसरे एक कारण आहे, ज्याबद्दल फार कमी बोलले जाते. काही जणींचे मन या गोळ्यांवर बिघडते. डायनोजेस्टच्या माहितीपत्रकातही उदास वाटण्याचा उल्लेख आहे. ज्या स्त्रीला पाळीआधी मनाचा तीव्र त्रास आधीपासूनच होतो तिच्याबाबतीत मी जास्त सावध असतो.

त्या त्रासाला पीएमडीडी म्हणतात. पाळीआधी थोडी चिडचिड, छाती दुखणे हे अनेकींना होते. ते हे नव्हे. यात पाळीआधीच्या आठवड्यात स्त्री अक्षरशः दुसरीच होते. टोकाचा राग, अकारण रडू, निराशा, कामात लक्ष न लागणे, कधी मरणाचे विचार. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत आभाळ स्वच्छ होते, आणि मग ती स्वतःच्याच बोलण्याची लाज बाळगत महिना काढते. 2013 पासून अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत याची स्वतंत्र नोंद आहे. गंमत म्हणजे रक्तातले हार्मोन्स तपासले तर बहुधा नॉर्मल येतात. 1998 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी इंजेक्शन देऊन बीजांडकोषांचे काम तात्पुरते बंद केले, तेव्हा त्रास असलेल्या अनेकींना बरे वाटले. मग नेहमीच्या प्रमाणात हार्मोन्स परत दिले. या स्त्रियांचा त्रास परतला, पण ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांना काहीच झाले नाही. म्हणजे फरक आहे तो मेंदूच्या संवेदनशीलतेत. तेव्हा "मनावर ताबा ठेव" हे सांगणे दम्याच्या रोग्याला नीट श्वास घे म्हणण्यासारखे आहे.

निदानासाठी महागडी तपासणी लागत नाही. स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका असतेच. निदान दोन महिने रोज रात्री त्या तारखेच्या चौकोनात दोन आकडे लिहा: वेदना 0 ते 10, आणि मनाचा त्रास 0 ते 10. पाळीचे दिवस गोल करा, गोळी सुरू केली ती तारीखही लिहा. आठवून सांगू नका, त्याच दिवशी लिहा. आठवणीत सगळेच दिवस वाईट वाटतात. पाळीनंतरचा आठवडा स्वच्छ असेल तर पीएमडीडीचा विचार करायचा. महिनाभर उदास आणि पाळीआधी जास्त, असे असेल तर मूळ नैराश्य असू शकते आणि उपचार वेगळे होतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मी तरीही बघतोच.

माझा खरा आक्षेप आम्हा डॉक्टरांच्या वाटणीला आहे. पोट स्त्रीरोगतज्ज्ञाचे, मन मानसोपचारतज्ज्ञाचे, आणि दोघांत चिठ्ठीची देवाणघेवाण नाही. एक जण गोळी वाढवतो, दुसरा नैराश्याचे औषध वाढवतो. खरे तर मार्ग बरेच आहेत. प्रोजेस्टोजेनची एक गोळी सोसली नाही तर दुसरी बघता येते. ड्रोस्पिरेनोन असलेली गर्भनिरोधक गोळी काही जणींना दोन्हीकडे उपयोगी पडते. पण धूम्रपान, रक्ताच्या गुठळ्या किंवा डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी यांचा इतिहास असेल तर ती नको. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी औषधे नैराश्यात लागू पडायला काही आठवडे घेतात. पीएमडीडीत ती काही दिवसांतच लागू पडतात, आणि काही जणींना फक्त पाळीआधीचे दोन आठवडे घेऊन भागते. सवय लागेल म्हणून घाबरायचे कारण नाही, फक्त आपल्या मनाने चालू-बंद करू नयेत.

कंटाळून "पिशवीच काढून टाका" म्हणणाऱ्याही येतात. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, तेव्हा ही सवय किती खोल आहे ते दिसले. गर्भाशय काढले तरी बाहेरचे डाग तिथेच राहू शकतात. आणि बीजांडकोष ठेवले असतील तर महिन्याचे चक्र चालूच राहते. पाळी दिसत नाही, पण तो वाईट आठवडा येतो, आणि आता तो कधी येणार हे सांगणारी खूणही उरलेली नसते.

नवी हार्मोनची गोळी सुरू केल्यावर पहिले तीन महिने घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, नवरा असो, बहीण असो. मन खचत चालले तर ते बहुतेक वेळा त्यालाच आधी दिसते. अशा वेळी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करावा. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रात्री-अपरात्री सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.