न विचारता दिलेला धडा

बिनतारी संदेशवहनातील पहिली गाजलेली घुसखोरी एका जादूगाराच्या नावावर जमा आहे. ४ जून १९०३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रा. फ्लेमिंग मार्कोनीच्या यंत्रणेचे प्रात्यक्षिक देत असता, मार्कोनीचा नियोजित संदेश येण्यापूर्वीच यंत्र खडखडू लागले. 'उंदीर' हा एकच शब्द पुनःपुन्हा उमटला आणि पाठोपाठ मार्कोनीची टवाळी करणाऱ्या ओळी आल्या. ही करणी नेव्हिल मॅस्केलाइन या रंगमंचावरील जादूगाराची होती. फ्लेमिंग यांनी संतापून 'टाइम्स'ला पत्र लिहिले व या प्रकाराची संभावना वैज्ञानिक गुंडगिरी अशी केली. मॅस्केलाइनचे उत्तर असे की, मार्कोनीच्या संदेशात कोणास व्यत्यय आणता येत नाही हा दावा पारखण्यास दुसरा मार्गच नव्हता.

एकशेवीस वर्षे उलटली, तरी हा वाद मिटलेला नाही. आज संगणकाचा नाद असलेल्या हौशी मंडळींच्या मेळाव्यात एखादा जाणकार कोणास न सांगता सभागृहातील वाय-फायच्याच नावाचे दुसरे जाळे उभारतो. परवलीचा शब्द न मागणारे ओळखीचे जाळे दिसताच भोवतालचे फोन त्यास आपोआप जोडले जातात. मग पडद्यावर नावे झळकतात, सभागृह हसते आणि ज्याचे नाव झळकले तोही ओशाळून हसतो. अलीकडे बहुतेक संकेतस्थळांची देवघेव सांकेतिक रूपात होत असल्याने पूर्वीइतके हाती लागत नाही, हे खरे. तरीही कोणाचा फोन कोणत्या संकेतस्थळाकडे वळला एवढे बहुधा कळतेच. आणि खोटे प्रवेशपान पुढे केले, तर परवलीचा शब्दही भाबडा मनुष्य स्वहस्ते लिहून देतो.

अशा प्रयोगाचे समर्थक मॅस्केलाइनचाच दाखला देतात. तो त्यांना लागू पडत नाही. मॅस्केलाइनने जाहीरपणे केलेला व्यापारी दावा जाहीरपणे खोटा पाडला. कोणा श्रोत्याचे खाजगी पत्र त्याने फोडले नाही. मेळाव्यातील सोबत्याने तर कसलाच दावा केलेला नसतो. तो शिकावयास आलेला असतो, आणि आपल्यासारख्यांतच आपण आहोत या विश्वासाने बेसावध असतो. त्या विश्वासाचेच भांडवल करून मिळविलेली वाहवा प्रयोगकर्त्याच्या पदरात पडते. तिची किंमत मात्र दुसऱ्याने मोजावयाची. अर्थशास्त्रात अशा व्यवहारास फारसे सभ्य नाव नाही.

धोका खोटा आहे, असे मात्र कोणी समजू नये. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील स्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा ई-मेल गेला, तो नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या उघड्या वाय-फायवरून. चौकशीचा ससेमिरा अर्थातच त्या रहिवाशामागे लागला. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून अशी उघडी जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली. जाळ्यास कुलूप आहे की नाही, हे त्यात न शिरताही दिसते. दार उघडे आहे हे शेजाऱ्यास सांगण्यासाठी त्याच्या माजघरापर्यंत जावे लागत नाही, आणि कपाटातील वस्तू अंगणात मांडून दाखविण्याची तर मुळीच गरज नसते.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला. तेव्हापासून शिष्यवृत्ती, मजुरी व अनुदान यांचे धागे त्या क्रमांकाला, बँकखात्याला आणि पर्यायाने मोबाइलला बांधले गेले आहेत. अक्राणी वा अक्कलकुव्याच्या ज्या घरात एकच फोन आहे, तेथील मुलगा तो घेऊन शहाद्याच्या महाविद्यालयात आला, तर त्याच्या खिशात साऱ्या घराचे व्यवहार असतात. त्याची फजिती पाहून हसणाऱ्यांना हे ठाऊक नसते. त्या मुलाने हसत हसत मागाहून दिलेली संमतीही त्याच्या एकट्याची नसते.

आधी सांगितले तर कोणी फसणार नाही आणि धडाही मिळणार नाही, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु प्रयोग होणार हे निमंत्रणातच छापून, तो नेमका कधी हे गुप्त ठेवता येते. किती फोन जोडले गेले एवढा आकडा सांगितला, तरी सभागृहास पुरेसा हादरा बसतो. त्याहून अधिक दाखवावयाचे, तर प्रयोगकर्त्याने स्वतःचे दोन जुने फोन आणावेत.

कायद्याचीही फारशी संदिग्धता नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या वा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे वा त्यातील माहिती काढून घेणे नुकसानभरपाईस पात्र ठरते, आणि तेथे हेतूची अट नाही. हेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले, तर कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास वा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्राचार्यांची लेखी परवानगी खिशात असली की झाले, असे समजणाऱ्या उत्साही अध्यापकांनी एवढे ध्यानात घ्यावे की, प्राचार्यांची परवानगी महाविद्यालयाच्या जाळ्यापुरती आहे. विद्यार्थ्यांचे फोन प्राचार्यांच्या मालकीचे नाहीत.