कानात अजान दिली, पुढे काय?

माझ्या दुसऱ्या मुलीच्या उजव्या कानात अजान आणि डाव्या कानात इकामत मी स्वतः म्हटली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आपल्या समाजाच्या हिशेबात तिथे बापाचं काम जवळजवळ संपतं. पुढे उरतो सातव्या दिवसाचा अकीका, मुलीचा एक बकरा, नाव ठेवणं, आणि बिर्याणीत मीठ कमी पडलं की जास्त झालं यावरची चर्चा. मग बापाने पुरुषांत जाऊन बसावं आणि मुबारकबाद घ्यावी.

हे मी कुणा दुसऱ्याबद्दल लिहीत नाही. पहिल्या मुलीच्या वेळी मी अगदी असाच होतो.

ती जन्मली तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो. बायको रिवाजाप्रमाणे माहेरी गेली होती. मी पेढे घेऊन गेलो, अजान दिली, सासऱ्यांच्या गळ्यात पडलो, अकीका उरकला आणि शाळा बुडते म्हणून परत आलो. चाळीस दिवसांनी मायलेकींना आणायला गेलो तेव्हा बाळ गुटगुटीत, बायको न्हाऊनमाखून तयार, सासूबाईंनी डब्यात भरलेले डिंकाचे लाडू सोबत. मला वाटलं, मूल असंच वाढतं. बीएडला बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या गुणांनी पास झालो होतो. पियाजेच्या अवस्था मला क्रमाने पाठ होत्या. पण रात्री तीन वाजता रडणारं तान्हं खांद्यावर कसं धरायचं, हे मला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नाही याची लाजही वाटत नव्हती.

दुसरी मुलगी आठ वर्षांनी झाली. तोवर सासूबाई अल्लाला प्यारी झाल्या होत्या. माहेर होतं, पण माहेरी आई नव्हती. म्हणून बाळंतपण इथेच करायचं ठरलं. अम्मीचे दोन्ही गुडघे गेलेले. बहिणी आपापल्या संसारात. घरात बाळंतीण, तान्हं बाळ, तिसरीत शिकणारी थोरली, आणि मी.

सगळे एकच वाक्य बोलत होते. "दूसरा बच्चा है, अब क्या सिखाना उसकू?" मराठी शेजारणीही तेच म्हणायच्या, "दुसरंच तर आहे, आता सवय झाली असेल." या वाक्याविरुद्ध मला भांडायचं आहे. दुसऱ्या खेपेला बाईला अनुभव असतो, हे खरं. पण अनुभवाने टाके दुखायचे थांबत नाहीत, झोप भरून निघत नाही. पहिल्या वेळी तिच्या दिमतीला माहेरच्या चार बायका होत्या. या वेळी तीच बाळंतीण, तीच थोरलीचा डबा भरणारी, तीच पाहुण्यांना चहा करणारी. म्हणजे काम दुप्पट आणि हात निम्मे. यालाच आपण अनुभव म्हणतो.

आता नाजूक गोष्ट सांगतो. बायकोला हा लेख वाचून दाखवला आहे. तिने एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं. बाकी छापायला तिची परवानगी आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून ती गप्प होत गेली. बाळ रडायचं आणि ती भिंतीकडे बघत राहायची. जेवण ताटात तसंच. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. एका रात्री ती शांतपणे म्हणाली, "ये रोती तो मेरेकू कुछ होताच नै." बाळाला पाजताना म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं.

घरात निदान ताबडतोब झालं. नजर लागली. कुणी म्हणालं सावली पडली, कुणी तावीज आणला, कुणी मिरच्या ओवाळल्या. एका नातलग बाईंनी तिच्यासमोरच सांगितलं, "दुसरी भी बेटी हुई ना, दिल पे लिया होगा. अगली बार अल्ला बेटा देगा." मी त्या खोलीत होतो. गप्प बसलो. वर्गात मोठ्या आवाजात शिकवणारा मास्तर घरात गप्प बसला, याची नोंद मी इथे स्वतःच करतो.

एकविसाव्या दिवशी आमच्या भागातल्या आशाताई आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा सेविकेने घरी येऊन बघायचं असतं. आधीच्या तीन भेटींत मी त्यांना दारातूनच "सगळं ठीक आहे" म्हणून बोळवलं होतं. या वेळी त्या आत गेल्या. बाळाचं वजन केलं, नाभी बघितली, आणि मग बायकोकडे वळून विचारलं, "आणि तू कशी आहेस गं?"

तीन आठवड्यांत घरात पन्नासेक माणसं येऊन गेली होती. सगळ्यांनी बाळ बघितलं. रंग कुणावर, नाक कुणावर, यावर वाद घातले. हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. मीही नाही. ती तासभर रडली. आशाताई तिचा हात धरून बसल्या आणि जाताना मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "सर, ही नजर नाही. हिला दवाखान्यात न्या."

डॉक्टरांनी समजावलं ते साधं होतं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अनेक बायकांना उगाच रडू येतं, चिडचिड होते. ते बहुधा दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही टिकलं, जेवणझोप गेली, बाळाशी मन जुळेना, तर तो आजार आहे. त्याला उपचार आहे. बाळाला अंगावर पाजत असतानाही देता येतात अशी औषधं आहेत. ती डॉक्टर ठरवतात. ही त्या बाईची कमजोरी नाही, ईमानची कमतरता तर मुळीच नाही. ओळखण्यासाठी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली असते, 1987 पासून जगभर वापरतात. दहा प्रश्न! आम्ही मुलांच्या घटक चाचणीला यापेक्षा जास्त प्रश्न काढतो.

डॉक्टरांनी औषध दिलं आणि मला एक काम दिलं. रोज रात्री तिला सलग पाच तास झोप मिळाली पाहिजे. ती कशी मिळेल ते तुम्ही बघा.

मग मी बघितलं. पाजून झालं की बाळ माझ्याकडे. ढेकर काढणं, दुपटी बदलणं, अंगाई म्हणणं. रात्रीचं एक पाजणं तिने आधी काढून ठेवलेल्या दुधावर, वाटी-चमच्याने. पहिल्या आठवड्यात माझ्या हातून बाळाचं अंग पुसताना पाणी जास्त गरम झालं होतं. अम्मी ओरडली म्हणून वाचलो. थोरलीची वेणी मी घालायचो. तिच्या वर्गात त्या वेणीवर मुली हसल्या. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसींना बाळाला मी घेऊन गेलो. तिन्ही वेळा रांगेत मी एकटाच पुरुष होतो. दीड महिन्यात बायकोच्या चेहऱ्यावर थोडं पाणी आलं. चौथ्या महिन्यात बाळ खुदकन हसलं आणि तीही हसली. ते हसू बघायला मी जागेवर होतो. पहिलीचं पहिलं हसू कधी उमटलं, मला माहीतच नाही. ते कुठल्याही रजेत परत मिळत नाही.

आता आक्षेपांकडे येतो, कारण मस्जिदीबाहेर ते मला तोंडावर ऐकवले गेले आहेत.

पहिला आक्षेप : हे बायकांचं काम आहे, दीनने कामं वाटून दिली आहेत. कुठे दिली आहेत, दाखवा. सूरह बकराची 233वी आयत काढा. दूध पाजण्याची दोन वर्षं तिथे आहेत, आणि आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. मुलापायी आईला त्रास होऊ नये, असंही तिथेच आहे. दूध तोडायचं तर दोघांनी आपसात मसलत करून, राजीखुशीने. मसलत कुणाशी करतात? ज्याला त्या कामातलं कळतं त्याच्याशी. ज्या बापाला बाळ दिवसातून किती वेळा पितं हे ठाऊक नाही, तो मसलत कसली करणार? पैगंबर (स.) घरात असताना घरच्यांच्या कामाला हात लावत, असं हजरत आयेशांनी सांगितल्याची हदीस सगळ्यांना पाठ आहे. दाढीची सुन्नत दिसते, ही दिसत नाही.

दुसरा आक्षेप : चाळीस दिवस बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने काय करायचं? निफासचे नियम नमाज, रोजा, सहवास अशा गोष्टींपुरते आहेत. तिच्या हातचं पाणी नापाक होत नाही, तिच्या शेजारी बसून तिला हरीरा भरवायला मनाई नाही. विटाळ आपण शेजाऱ्यांकडून उसना घेतला आणि त्यावर दीनचा शिक्का मारला.

असाच शिक्का आपण आणखी एका गोष्टीवर मारला आहे. पहिली मुलगी फजरच्या आधी झाली. तिला मध चाटवला आणि तीन अजान होईपर्यंत आईचं दूध दिलं नाही. फजर, जुहर, असर. म्हणजे दुपार उलटून गेली. चीक म्हणून काढून टाकलेलं ते पहिलं पिवळसर दूध म्हणजे बाळाची पहिली लसच असते. तासाभरात अंगावर घ्या, सहा महिने दुसरं काही नको, वर्षाच्या आत मध अजिबात नको, हे प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. तहनीकची रीत मला माहीत आहे. पण त्यात तीन अजानांची अट कुठून आली? मला एकही आलिम आधार दाखवू शकलेला नाही. हे फक्त आपल्यातच चालतं असंही नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण तासाभरात दूध मिळतं फक्त 41.8 टक्के बाळांना. दवाखान्यापर्यंत आपण पोचलो, घुटी आणि मधाची बाटलीही सोबत पोचली. दुसरीच्या वेळी मी दारात उभा राहून मधाची वाटी परत पाठवली. अम्मी दोन दिवस बोलली नाही. चालेल.

तिसरा आक्षेप : आमच्या आयांनी आठ-आठ मुलं वाढवली, त्यांना कुठे असले आजार झाले? झाले. त्यांना नाव नव्हतं. माझ्या दादीला नऊ मुलं झाली, पाच जगली. एका बाळंतपणानंतर ती वर्षभर "हवा लागल्यासारखी" होती, हे घरात अजून हसत सांगतात. मला आता त्यात हसू येत नाही.

आणि थोडं माझ्या मराठी मित्रांसाठी. दुसरी झाली तेव्हा शिक्षकखोलीत एक जण डोळा मारून म्हणाला, "दुसरंच? तुमच्यात तर आता सुरुवात!" सगळे हसले. मुसलमान बाईमागे सरासरी मुलांची संख्या 1992-93च्या पाहणीत 4.4 होती, 2019-21मध्ये 2.4 वर आली. पण आकडा सोडा. ज्या दिवशी माझी बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती त्या दिवशी हा विनोद झाला. मी आठ दिवसांची रजा मागितली तेव्हा त्याच खोलीतून दुसरा विनोद आला, "बाळंतपण तुमचं का, सर?" एकूण काय, बाप घरात नको, यावर सर्व धर्मांचं एकमत आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापाला ती देणारा देशभराचा कायदा नाही. यावर आपण मोर्चा कधी काढणार?

दुसरी मुलगी झाल्यास पात्र आईला केंद्राची मातृवंदना योजना 6,000 रुपये देते. मुलीचा जन्म कळताच ज्यांचे चेहरे काळवंडतात त्यांची निर्भर्त्सना कुरआनने चौदाशे वर्षांपूर्वी केली. तरी मुबारकबाद देताना आपली जीभ "अगली बार" वर घसरते. घसरू देऊ नका.

खतीबसाहेबांना विनंती आहे. जुम्याच्या बयानात अकीक्याच्या बकऱ्याचं वय, दात सगळं सांगता. एकदा त्या बाळाच्या आईबद्दलही सांगा. तरुणांना सांगा की दोन आठवड्यांनंतरही ती गप्प असेल तर तावीजाआधी डॉक्टर गाठा. दवाखाना लांब असेल तर 14416 वर फोन करा. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे.

आणि वाचणाऱ्यांना एवढंच. पुढच्या अकीक्याला जाल तेव्हा लिफाफा द्या, जेवा, बाळाला दुआ द्या. पण त्याआधी घरातल्या बाईमाणसाला आत पाठवून बाळाच्या आईला विचारायला सांगा, "तू कशी आहेस?" आणि बाहेर बाळाच्या बापाला तुम्ही विचारा, "काल रात्री बाळाला कोणी झोपवलं?" त्याला उत्तर देता आलं नाही तर बिर्याणी दुसऱ्यांदा वाढून घेऊ नका.